नानांनी आणलेला गडू

नाना सुट्टीवर आले की त्यांच्या आधी त्यांच्या ट्रंकेचा वास घरात यायचा. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात काढलेली इंग्रजी अक्षरं. घोटावड्याच्या फाट्यावर एसटी थांबली की गावातलं कुणीतरी ती डोक्यावर घेऊन पुढं यायचं आणि नाना मागून, हातात पिशवी धरून, सावकाश चालत. ट्रंक पडवीत टेकली की झाकणाच्या फटीतून बूटपॉलिश, कापूर, रॉकेल आणि लोकर असा सगळ्यांचा मिळून एक वास सुटायचा. तसा वास मला पुन्हा कुठं आला नाही. आता आमच्या वरच्या खोल्यांत हिंजवडीला कामाला जाणारी मुलं भाड्यानं राहतात. त्यांच्याही बॅगा येतात, जातात, पण त्यांना कशाचाच वास नसतो. जिन्यावर चाकं तेवढी वाजतात.

नाना, म्हणजे माझे वडील, फौजेत होते, पण बंदूक चालवायला नव्हते. पलटणीत जसा डॉक्टर असतो, स्वयंपाकी असतो, तसा एक पंडितजीही असतो. जवानांचं देवाधर्माचं सगळं तो बघतो. त्याला हुद्दा असतो, खांद्यावर चांदणी असते आणि मोठे साहेबही त्याला आधी रामराम करतात. हे आमच्या गावाला काही केल्या पटायचं नाही. गावात फौजेत गेलेली माणसं होती, पण फौजेत जाऊन पूजा करणारा हा एकच. आबा पाटील पारावर बसलेले असायचे. नाना दिसले की दर सुट्टीला त्यांचा तोच प्रश्न.

"काय पंडित, दुश्मन आला की घंटी वाजवून हाकलता व्हय?"

"घंटी न्हाई आबा, शंख," नाना म्हणायचे. "घंटी जवळच्याला, शंख लांबच्याला."

मग सगळा पार हसायचा आणि नाना त्यांच्यात बसून तंबाखू मळायचे. स्वतः खायचे नाहीत, मळून आबांच्या हातावर ठेवायचे.

आम्ही गुरव. गावचा देव भैरोबा, आणि त्याची पूजा दोन घरांत वाटलेली. एक आमचं घर, एक विठूकाकांचं. विठूकाका म्हणजे नानांचे चुलतभाऊ, वयानं धाकटे आणि आवाजानं थोरले. एक वर्ष त्यांची पाळी, एक वर्ष आमची. पाळी ज्याची त्यानं रोज देवाला आंघोळ घालायची, दिवाबत्ती करायची, गावच्या लग्नाकार्याला पत्रावळी पुरवायच्या, आणि त्या वर्षी देवाच्या जमिनीचं भात त्याच्या घरी यायचं. एका देवावर दोन घरांचं पोट काही भरत नव्हतं. म्हणून आजोबांनी नानांना लहानपणीच पुण्यात एका संस्कृत पाठशाळेत बेल-फुलं पोचवायच्या कामाला ठेवलं. फुलं देऊन झाली तरी नाना तिथंच रेंगाळायचे. तिथल्या गुरुजींनी एक दिवस विचारलं, "बसतोस का?" आणि नाना बसले ते परीक्षा देऊनच उठले. पुढं फौजेला धर्मगुरू पाहिजेत असं कुणाकडून तरी कळलं आणि ते गेले. मला आठवतं तेव्हापासून ते वर्षातले दहा-अकरा महिने नसायचेच. त्यांच्या नसण्याचीच घराला सवय होती. ते आले की पाहुणा आल्यासारखं आई नवा तांब्या काढायची.

नाना नसताना पाळीच्या वर्षात देवाचं कोण बघणार? आई बघायची, आणि मला कळायला लागल्यापासून आईबरोबर मी. बाईमाणसानं देवाला हात लावावा का, हा प्रश्न आमच्या गावात कुणी काढला नाही. काढला असता तर रोज दिवस उगवायला उठून देवळात कोण जाणार होतं? गावातली शाळा चौथीपर्यंत. पाचवीला घोटावड्याला जावं लागायचं. माझ्या बरोबरीच्या दोघीतिघी गेल्या. मी नाही गेले. कारण विचारलं तर आई सांगायची, देवाचं काम हाय. पण खरं कारण असं की नव्या शाळेत पहिल्या दिवशी उभं राहून आपलं नाव सांगावं लागतं, असं मला मैत्रिणीनं सांगितलं होतं. चाळीस पोरांपुढं माझं नाव माझ्या तोंडातून निघालं नसतं. नाना पत्रात लिहायचे, 'सुमन चौथी पास होऊन भैरोबाकडे नोकरीला लागली, हे वाचून आनंद झाला.' मला ते वाचून लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

गाभाऱ्यात मला कधी लाज वाटली नाही. तिथं बोलावं लागत नाही. खाली वाकून आत शिरलं की बाहेरचं सगळं, कोंबडे, बैलांच्या घुंगरमाळा, आबांचं खोकणं, एकदम लांब जायचं, पाण्याखाली गेल्यासारखं. समईच्या उजेडात भैरोबाचे डोळे आधी दिसायचे आणि मग बाकीचा देव हळूहळू आकाराला यायचा. दगड थंड असायचा, पण त्यावर पाणी ओतत राहिलं की थोड्या वेळानं तो हाताला ऊन लागायचा. मग मला वाटायचं की आता हा उठला. शेंदराचा, जुन्या तेलाचा, भिजलेल्या बेलाचा वास अंगाला चिकटायचा आणि दिवसभर सुटायचा नाही. पाणी नंदीच्या तोंडातून मागच्या कुंडीत पडताना जो आवाज यायचा तो अजून मला झोप लागता लागता ऐकू येतो. मग लक्षात येतं की तो वरच्या टाकीचा आवाज आहे, मुलांनी नळ उघडा टाकलाय.

रजेतले नाना मला आठवतात ते दुपारच्या पडवीत. पळसाच्या पानांचा ढीग पडलेला, आई बांबूच्या बारीक चोया काढतेय, मी पानाला पान जोडतेय आणि नाना मधे मांडी घालून एक पत्रावळ घेऊन बसलेले. आमच्या चार व्हायच्या तेव्हा त्यांची एक व्हायची, आणि तीही वाकडी.

"तोंड चालवून पगार मिळतोय, मग बोटं कशाला चालत्यात," आई म्हणायची.

"आगं, तोंड चालवायलाबी जोर लागतो. तितं घंटीला नुसता हात लावला तर कातडी चिकटून बसती. फडकं गुंडाळून वाजवायची."

मग ते सांगायला लागायचे. वरच्या चौक्यांवर देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. एका बाजूला राम, दुसऱ्या बाजूला मौलवीसाहेबांची चटई. मौलवीसाहेब रजेवर गेले की त्यांच्या बाजूला लोबान नाना लावायचे, आणि नाना रजेवर आले की रामापुढं दिवा मौलवीसाहेब लावायचे. "म्हंजी आत्ता तितं मौलवी दिवा लावतोय?" आई हातातली चोय थांबवून विचारायची. नाना मनगटावरच्या घड्याळात बघायचे आणि म्हणायचे, "अजून न्हाई. सहाला लावील." सहा वाजले की मी पडवीच्या पायरीवर जाऊन उभी राहायचे. समोर डोंगराच्या कडा जांभळ्या व्हायच्या आणि मला वाटायचं, या कडांच्या मागं, त्याच्याही मागं, एक दाढीवाला माणूस काडी ओढतोय.

नव्या पोरांची शपथ हे त्यांचं आवडतं सांगणं. मैदानात सगळी पलटण उभी, नानांच्या हातात थाळी, थाळीत गीता. एकेक पोरगा पुढं येतो, ग्रंथावर हात ठेवतो, शपथ म्हणतो. "लांबून बगणाऱ्याला सगळं ताठ दिसतं," नाना म्हणायचे, "पण थाळी माझ्या हातात असती. पोराचा हात किती कापतोय ते फकस्त मला कळतं." दवाखान्यात जखमी झालेल्यांची पत्रं लिहून द्यायची, भांडण झालं तर दोघांना देवळात बसवून चहा पाजायचा, दसऱ्याला बंदुकांना हळदीकुंकू लावायचं, हे सगळं ते सांगायचे.

एक गोष्ट मात्र ते सांगत नसत. पलटणीत कुणी गेलं तर त्याला शेवटचं पोचवण्याचं कामही पंडितजीचंच. आमच्या गावात गुरवानं पाळीच्या वर्षात मढ्यामागं जायचं नाही, असा कडक नियम. स्वतःच्या घरातलं सोडून दुसऱ्या कुणाच्या मातीला गेला तर त्याचा हात देवाला चालत नाही. गावानं नानांना कधी विचारलं नाही आणि नानांनी कधी सांगितलं नाही. फक्त एवढं करायचे, एसटीतून उतरले की आधी मुळा नदीवर जायचे, अंगावरच्या कपड्यांनिशी बुडी घ्यायचे आणि ओलेच घरी यायचे. लोक म्हणायचे, पंडिताला गावच्या पाण्याची लई ओढ.

आमच्या घराला लागून धोंडाकाकूंचं घर. काकूंना एकच मुलगा, किसन. नवरा लवकर गेलेला, थोडी भाताची जमीन, दोन म्हशी. किसन अंगानं धिप्पाड होता आणि कबड्डी खेळताना त्याला चौघं लागायचे. नानांनीच त्याला भरतीची तारीख कळवली, नानांनीच आपल्या पलटणीत शब्द टाकला आणि त्याच्या शपथेला थाळीही नानांनीच धरली होती. त्याची पत्रं यायची ती काकू माझ्याकडून वाचून घ्यायच्या. मी इतकी हळू वाचायचे की त्या शेवटी माझ्या तोंडाशी कान आणायच्या. "पोरी, हे पत्र हाय का चोरी?" म्हणायच्या. किसन सगळं म्हशींबद्दल विचारायचा.

संक्रांतीनंतर तार आली. वरून बर्फाचा कडा कोसळला आणि त्याखाली तिघं गेले, त्यात किसन. त्या काळात अशा उंचीवरून माणूस घरी आणत नसत, तिथंच अग्नी द्यायचे. गावानं दर्भाचा बाहुला करून नदीवर सगळं केलं, तेरा दिवस झाले, सुतक फिटलं. काकूंनी सांगितलं ते सगळं केलं, पण डोळ्यातून पाणी काढलं नाही. कुणी जवळ बसायला गेलं तर म्हणायच्या, "म्या काय बघितलं? कागूद बघितला." आणि शेणाची पाटी उचलून गोठ्यात जायच्या.

त्या वर्षी पाळी आमची होती. जत्रा चैत्रात. नाना जत्रेच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना आले. नेहमीसारखे नदीवरून ओले आले, पण मला ते ओळखूच येईनात. नाकाची आणि गालाची कातडी सोलून काळी पडलेली, डोळे आत गेलेले. आईनं केलेली पुरणाची पोळी त्यांनी अर्धी खाल्ली. आबांनी पारावरून हाक मारली तर हात वर केला आणि तसेच आत आले. मी दाराआडून बघत होते. वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाशी बोलायला मला चार दिवस लागायचे. पहिला दिवस नुसता बघण्यात जायचा.

दर रजेला नाना एक गोष्ट न चुकता आणायचे. हरिद्वारहून गंगेचा गडू. तांब्याचा, तोंडाला डाग देऊन बंद केलेला, लाल फडक्यात बांधलेला. जत्रा असली की रोजची आंघोळ झाल्यावर त्या गंगेनं देवाला अभिषेक. जत्रेच्या सकाळी आई बाजूला बसलेली होती, तिला शिवायचं नव्हतं. तिनं लांबूनच सांगितलं, "सुमे, पाणी तापलंय, बादली घे. आन ट्रंकंत गंगा आसंल बघ." नाना उजाडायच्या आधीच काकूंच्या घरी गेले होते. मी ट्रंक उघडली. वर घड्या केलेले कपडे, खाली पोथी, आणि एका कोपऱ्यात, लोकरीच्या मफलरमधे नीट गुंडाळून, लाल फडक्यातला गडू. दर वेळेपेक्षा थोडा मोठा. गळ्याशी दोऱ्यानं एक कागद बांधला होता, त्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. आम्हाला इंग्रजी पाचवीपासून होतं.

बाहेर येऊन नानांना विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही. शेजारच्या घरात पाच पावलांवर ते होते. पण विचारायचं म्हणजे बोलायचं.

देवळात अजून कुणी नव्हतं. रात्रभर वाजवून दमलेले ढोल मंडपात आडवे पडले होते. मी समई लावली, देवाचे कालचे हार उतरवले. गडूचं कागद-फडकं सोडलं तेव्हा तो प्रवासानं काळवंडलेला दिसला, म्हणून म्हटलं, आधी याला धुवू. बादलीत हात घालून बघितला, थोडं गार पाणी मिसळलं आणि देवाला घालतात तशी त्यालाही आंघोळ घातली. हळद चोळली. तांबं हळूहळू उजळायला लागलं, आधी कडेला, मग पोटाला. चंदन उगाळलेलं होतंच, त्याचं बोट लावलं. चाफ्याचं एक फूल वर ठेवलं आणि गडू देवाच्या उजव्या हाताला बसवला. मग देवाला घातली. का कोण जाणे, त्या सकाळी मला घाई नव्हती. पाणी कुंडीत पडत होतं आणि मी दोघांमधे बसून होते. दोघं असंच तेव्हा मनात आलं, ते मला आजही आठवतं.

मग माणसं आली. विठूकाका चांदीचा मुखवटा घेऊन आले, त्यांच्यामागं आबा पाटील, पालखीचे चौघं. मी समईच्या मागं कोपऱ्यात सरकले.

"आली का गंगा?" विठूकाकांनी विचारलं. मी मान हलवली.

"पंडितानं औंदा गडू मोठा आणलाय," आबा दारातून वाकून म्हणाले. "बढती मिळाली वाटतं."

सगळे हसले. विठूकाकांनी गडू उचलला, मांडीवर घेतला आणि डाग काढायला कमरेचा अडकित्ता काढला. त्याचं टोक झाकणाच्या कडेला लावलं आणि एवढ्यात मंडपात धावत आल्याचा आवाज झाला. मी नानांना धावताना कधी पाहिलं नव्हतं. ते गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आले आणि तिथंच थांबले. आत आले नाहीत. दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

"विठू, खाली ठेव."

"का रं दादा? उशीर झालाय, अभिषेक—"

"ती गंगा न्हाई. किसन हाय."

विठूकाकांचा अडकित्ता फरशीवर पडला. त्यांनी गडू खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला, हे मी त्यांच्यासाठी लिहून ठेवते. मग ते मागं सरकले ते भिंतीला लागेपर्यंत. पालखीचे चौघं बाहेर गेले. आबा तेवढे जागेवर राहिले, आणि त्यांचा चेहरा मला वेगळाच दिसला, पारावरचा नव्हे.

"पंडित, अस्थी देवळात? जत्रंच्या दिशी? आन गुरवानं आणाव्या?"

"मी आणल्या. पहाटं मीच ठेवून गेलो," नाना म्हणाले. "आमच्या पलटणीत घरी पोचंस्तोवर देवळातच ठेवत्यात, आबा. देवापाशी. दुसरीकडं कुटं ठेवणार?"

"ते पलटणीतलं पलटणीत. हितं भैरोबा हाय."

"अन् ह्याला पेटवलंबी तूच?" विठूकाकांनी विचारलं. "तुझ्या हातानं?"

"व्हय. माझ्याच हातानं. ह्यालाबी, आन याच्या आधी बऱ्याच जणांना."

एवढी वर्षं कुणी न विचारलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. खरं तर रिवाज असा की अस्थी गावात आणायच्याच नाहीत, नदीकाठच्या उंबराला टांगायच्या आणि तिथूनच विसर्जन करायचं. नाना तसे उंबराखाली उभे राहिले होते म्हणे आदल्या संध्याकाळी. पण बारा दिवस रेल्वेत आणि गाड्यांत मांडीवर घेऊन आणलेल्या पोराला आता घराजवळ येऊन झाडाला कसं टांगू, असं त्यांना झालं. जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर नदीवर जायचं असं ठरवून त्यांनी तो ट्रंकेत ठेवला. सकाळी काकूंना सांगायला गेले, काकू म्हणाल्या मला आत्ता दाखव, आणि ट्रंक उघडली तर नुसता मफलर. हे सगळं त्यांनी आईला पुढं कधीतरी सांगितलं.

आबांनी तिथल्या तिथं सांगितलं की आजपासून तुमच्या घराचा हात देवाला नको. ती पाळी गेली ती गेलीच. नाना पुढं बरीच वर्षं पलटणीत राहिले, सुभेदार होऊन पेन्शनवर आले, आणि शेवटपर्यंत भैरोबाचं दर्शन मंडपातून, खांबापाशी उभं राहून घ्यायचे. आता विठूकाकांचा नातू पूजा करतो. गाभाऱ्याला गुळगुळीत फरशी बसवली, स्टीलचा कठडा आला, नांद्याकडच्या नव्या सोसायट्यांतली माणसं गाडीतून येऊन पाया पडतात. मलाही आत बोलावतो तो, म्हणतो, आत्या, या की, आता कोण बघतंय. मी कठड्याबाहेरूनच हात जोडते. रागानं नाही. मला तिथून देवाचे डोळे नीट दिसतात.

पण त्या घटकेला मी अजून आतच होते, समईमागं. नाना माझ्याकडं बघत नव्हते. मुद्दामच बघत नव्हते. ते सगळं अंगावर घेऊन उभे होते आणि मला ठाऊक होतं की मी गप्प राहिले तर कुणाला कधीच कळणार नाही.

तेवढ्यात धोंडाकाकू आल्या. नानांच्या मागून धावत निघालेल्या, वाटेत दम लागून थांबत थांबत आलेल्या. त्यांना पाहून आबा बाजूला झाले. काकू उंबऱ्याशी येऊन बसल्या आणि आत बघत राहिल्या. गडू फरशीवर होता, हळदीनं पिवळा, डोक्यावरचं फूल सरकलेलं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी आबांकडं, विठूकाकांकडं बघितलंही नाही.

"नाना," त्या म्हणाल्या, "आंगुळ घातली व्हती का त्याला?"

नाना खाली त्यांच्याशेजारी बसले. पलटणीत असं विचारणाऱ्या आया त्यांना भेटत नसाव्यात, तिथं फक्त पत्रं जातात. पत्रात काहीही लिहिता येतं. मला वाटलं आता ते हो म्हणतील.

"न्हाई वैनी. चार दिसांनी सापडला. तितं पाणी न्हवतं. रॉकेल व्हतं, लाकडं व्हती, पाणी न्हवतं. बर्फ हातावर चोळून त्याच्या कपाळाला लावला, तेवढंच."

काकूंनी मान हलवली. "बिनआंगुळीचाच गेला म्हंजी," त्या म्हणाल्या. स्वतःशीच, दावणीचं जनावर सुटल्याचं सांगावं तसं.

"म्या घातली."

तो आवाज माझा होता, हे मला सगळे माझ्याकडं वळले तेव्हा कळलं. मी समईमागून पुढं आले. "नानांनी न्हाई ठेवला. म्या ठेवला. मला गंगा वाटली. आन मळला व्हता म्हणून म्या त्याला आंगुळ घातली."

आबा काहीतरी बोलणार होते. नानांनी हात वर केला, आणि आबा थांबले.

"कशानं घातली?" काकूंनी विचारलं.

"ऊन पाण्यानं. हळद लावली. चंदन लावलं."

"देवाच्या आधी का मागनं?"

"आधी."

काकू उंबऱ्यावर हात टेकून थोड्या पुढं वाकल्या. आपल्याला जे विचारायचं ते विचारावं की नको, असं त्यांच्या तोंडावर होतं. मग हळूच, मी पत्र वाचायचे तशा हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "पाणी लई कडक न्हवतं न्हवं? त्याला कडक सोसत न्हाई."

"न्हाई काकू. हात घालून बघितलं व्हतं. गार मिसळलं थोडं."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं. कपाळ उंबऱ्याला लावून त्या रडल्या, खूप वेळ, मोठ्यानं, पोटातून. मंडपातली माणसं आत बघत उभी राहिली. विठूकाकांनी मुखवटा खाली ठेवला, आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, आणि पालखीचा मुहूर्त टळून गेला.